वाचकांचे प्रश्न : उजनीचे पाणी, समितीचा निर्णय आणि संगणकाचा हिशेब

गेल्या अंकात 'निर्णय साहाय्य प्रणाली' हा शब्द एका लेखात ओझरता आला होता. पाणीवाटपाचे वेगवेगळे पर्याय संगणकावर मांडून त्यांचे परिणाम आधीच पाहता येतात, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर सोलापूर जिल्ह्यातून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे लागले. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमचे शेत मोहोळ तालुक्यात कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, आहे. वर हेडला, म्हणजे सुरुवातीच्या भागात, ऊस भिजत राहतो आणि आमच्या चारीला पाणी पोहोचेपर्यंत आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, संपते. आता आवर्तन संगणक ठरवणार असे ऐकतो. साहेब, त्या संगणकाला टेलचा शेतकरी दिसतो का?
— शेतकरी वाचक, मोहोळ तालुका

आवर्तन संगणक ठरवणार नाही. ते आजही कालवा सल्लागार समितीत ठरते आणि पुढेही तिथेच ठरेल. ही प्रणाली म्हणजे समितीसमोर उघडून ठेवायची हिशेबाची वही आहे, असे समजावे. तिच्यात आधी नोंदी येतात : पाऊस, दौंडहून उजनीकडे येणारा विसर्ग, धरणाची पातळी, कालव्याच्या मुखाशी सोडलेले पाणी, विहिरींची पातळी, पिकाखालचे क्षेत्र. मग खोऱ्याचे गणिती मॉडेल येते, ज्यात नदी, धरणे, कालवे आणि गावे-शहरांच्या मागण्या एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे एका ठिकाणी पाणी जास्त उचलले की दुसऱ्या ठिकाणी ते किती कमी पडते हे लगेच कळते. शेवटी हे सारे शेजारी शेजारी मांडून दाखवणारा तक्ता असतो.

त्याचा उपयोग कसा होतो ते पाहा. १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर रब्बी आणि उन्हाळी हंगामाचा प्राथमिक सिंचन कार्यक्रम बेतला जातो. रब्बीला दोन आणि उन्हाळ्यात एक आवर्तन दिले तर जूनअखेर धरणात काय उरेल, आणि पाऊस तीन आठवडे लांबला तर पिण्याच्या पाण्याचे काय होईल, हा प्रश्न पूर्वी एखादा अनुभवी अभियंता कागदावर, सरासरी आवक धरून सोडवत असे. मॉडेल तेच गणित मागच्या तीस-चाळीस वर्षांतील प्रत्येक वर्षाचा पाऊस लावून करते आणि त्यातल्या किती वर्षांत टंचाई आली असती ते सांगते. सरासरीवर विसंबून राहण्यातला धोका सोलापूरकरांना वेगळा समजावून सांगायला नको.

आपल्यासाठी ही गोष्ट तशी परकी नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २००६ नंतर, महाराष्ट्रासह नऊ राज्यांसाठी अशी नियोजनाची प्रणाली तयार करण्यात आली. रुरकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था त्यात समन्वयक होती, तर डेन्मार्कची डीएचआय ही संस्था सल्लागार होती. महाराष्ट्रातून पथदर्शी म्हणून जे खोरे निवडले गेले ते ऊर्ध्व भीमेचे, म्हणजे उजनीला पाणी पुरवणारे आपलेच खोरे.

आता तुमचा नेमका प्रश्न. खरे सांगायचे तर, बहुतेक वेळा टेलचा शेतकरी मॉडेलला दिसत नाही. खोऱ्याच्या पातळीवरच्या मॉडेलमध्ये संपूर्ण कालवा हे मागणीचे एकच ठिकाण म्हणून मांडलेला असतो. मुखाशी ठरलेले पाणी सोडले की त्याच्या लेखी मागणी पूर्ण झाली; ते पाणी हेडला संपले की टेलला पोहोचले, हा भेद त्या तक्त्यात उमटत नाही. तो उमटावा म्हणून कालव्याचे वरचा, मधला आणि खालचा असे तुकडे पाडून प्रत्येकाची मागणी वेगळी दाखवावी लागते, आणि प्रत्येक वितरिकेच्या, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या फाट्याच्या, मुखाशी प्रत्यक्ष मोजमाप असावे लागते. मोजमाप नसेल तर मॉडेल तिथे अंदाज भरते, आणि अंदाज नेहमी टेलवाल्याच्या विरोधात जातो, असे माझे खात्यातल्या नोकरीतले निरीक्षण आहे.

आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. हेडच्या शेतकऱ्याला दोन पाणी मिळतात : एक पाटाचे आणि दुसरे पाटाच्या पाझराने भरलेल्या विहिरीचे. खात्याच्या हिशेबात हा पाझर 'वहनव्यय' म्हणून खर्ची पडतो. विहिरीच्या मालकाच्या हिशेबात तो जमेला असतो. एकात्मिक व्यवस्थापन म्हणजे हे दोन्ही हिशेब एकाच पानावर घेणे. तसे घेतले की 'हेडच्या क्षेत्राने एक आवर्तन विहिरीवर काढावे आणि त्याच्या वाट्याचे पाटाचे पाणी थेट टेलला न्यावे' असा पर्याय तपासून पाहता येतो. तुमच्या पाणी वापर संस्थेने समितीकडे हाच पर्याय तपासण्याची लेखी मागणी करावी. सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा २००५ चा कायदा संस्थेला घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, पाणी देण्याचे सांगतो, तेव्हा चारीच्या मुखाशी झालेल्या मोजमापाची नोंद मागणे हा तुमचा हक्क आहे.

प्रश्न : उजनी 'उणे साठ टक्के' म्हणजे नेमके काय? शून्याखाली पाणी कसे असते?
— गृहिणी, माढा

उजनीच्या जलाशयात, म्हणजे यशवंतसागरात, उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्याखालचा मृत साठा ६३.६५ टीएमसी आहे. वापरायच्या पाण्यापेक्षा तळाचे पाणी अधिक, हे या धरणाचे वैशिष्ट्य. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात, म्हणून उणे साठ म्हणजे मृत साठ्यातून ५३.५७ च्या साठ टक्के, सुमारे ३२ टीएमसी, उचलले गेले आणि साधारण साडेएकतीस टीएमसी उरले. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण जवळपास या पातळीपर्यंत गेले होते. 'मृत' या शब्दाने फसू नये : हे पाणी पंपांनी उचलता येते, आणि मासे व काठची गावे त्याच पाण्यावर तगून असतात.

प्रश्न : धरण शंभर टक्के भरले तरी सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही. मग साठ्याचे एवढे गणित मांडून उपयोग काय? शिवाय शहरासाठी म्हणून नदीत सोडलेले पाणी वाटेत वाया जाते, हे कोणता संगणक थांबवणार?
— निवृत्त शिक्षक, सोलापूर

आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि दुसरा अधिक मोलाचा आहे.

पहिल्याचे उत्तर थोडक्यात असे. मॉडेलमध्ये पाण्याची ठिकाणे असतात, तसे त्यांना जोडणारे दुवेही असतात : जलवाहिनी, पंप, शुद्धीकरण केंद्र, उंचावरच्या टाक्या. प्रत्येक दुव्याची क्षमता घातली की अडचण साठ्यात आहे की दुव्यात, हे दिसते. धरण तुडुंब असताना शहर तहानलेले राहत असेल तर दुवा अरुंद आहे, आणि अशा वेळी धरणात आणखी पाणी राखून ठेवल्याने नळाला एक थेंबही जास्त येणार नाही.

आता दुसरा प्रश्न. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती. हिशेबाच्या सोयीसाठी दहा लाख माणसे आणि माणशी रोज १३५ लिटर धरू. दिवसाला साडेतेरा कोटी लिटर झाले, आणि वर्षाला सुमारे पावणेदोन टीएमसी. आता समजा, शहर जिथून नदीचे पाणी उचलते त्या टाकळीच्या उद्भवापर्यंत पाणी पोहोचावे म्हणून भीमेत सहा हजार क्युसेकने (सेकंदाला सहा हजार घनफूट) दहा दिवस विसर्ग केला. त्यात पाच टीएमसीहून थोडे अधिक पाणी जाते. म्हणजे शहराला वर्षभर जेवढे लागते त्याच्या जवळपास तिप्पट पाणी एकाच विसर्गात गेले. हे आकडे समोर ठेवून कोणीही 'वाया गेले' असेच म्हणेल. मीही अनेक वर्षे तसेच म्हणत असे.

पण ते गेले कुठे? काही बाष्प होऊन उडाले, हे खरेच. उरलेल्यातले बरेचसे पंढरपूर, मंगळवेढा आणि दक्षिण सोलापूरच्या नदीकाठी बंधाऱ्यांत अडले, वाळूत मुरले, विहिरींत उतरले. त्यावर गावांच्या पाणीयोजना चालल्या, जनावरे जगली आणि अर्थात ऊसही वाढला. शहरासाठी सोडलेले पाणी कागदोपत्री पिण्याचे असल्याने त्याला प्राधान्य मिळते, आणि त्याच्या आडून काठची शेती भिजते, हे सर्वांना ठाऊक असलेले पण कोणत्याही तक्त्यात नसलेले वाटप आहे. उजनीहून थेट शहरात येणाऱ्या समांतर जलवाहिनीने शहराची सारी गरज भागू लागली आणि नदीतला विसर्ग बंद किंवा कमी झाला, तर वाचलेले पाणी आकाशातून पडलेले नसेल. ते नदीकाठच्या लोकांकडून काढून घेतलेले असेल. ते काढून घ्यावे की नाही हा वेगळा वाद आहे, आणि माझे मत विचाराल तर काठच्या गावांचे पिण्याचे पाणी आणि काठचा ऊस यांचा हिशेब वेगळा करून पहिल्यासाठी निश्चित कोटा ठरवावा, दुसऱ्याला कालव्याचेच नियम लावावेत. मात्र असा निर्णय घेण्याआधी कोणत्या गावाचा किती पाझर घटेल हे दाखवणे, एवढे काम ही प्रणाली नक्की करू शकते.

बाष्पीभवनाचेही एक उदाहरण देतो. दोनशे चौरस किलोमीटर पसरलेल्या पाण्यावरून उन्हाळ्यात रोज सहा मिलिमीटर उडाले, तर महिन्यात सव्वा टीएमसी जाते. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे शहराची ही आठ-नऊ महिन्यांची गरज झाली. त्यामुळे 'पाणी धरणातच राखून ठेवा' हा पर्यायही फुकटचा नसतो.

प्रश्न : पंढरपूरला पूर येतो तेव्हा उजनीतून आधीच थोडे थोडे पाणी का सोडले नाही, असे आम्ही दरवेळी म्हणतो. ही प्रणाली पुराचा निर्णयही देते का?
— व्यापारी, पंढरपूर

पुरासाठीची प्रणाली वेगळी असते. नियोजनाची प्रणाली महिन्यांचा विचार करते, तर पुराची तासांचा. जलविज्ञान प्रकल्पातच कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी तत्काळ नोंदी घेणारी केंद्रे उभारून प्रवाहाचा अंदाज आणि जलाशय परिचालन यांची वेगळी प्रणाली विकसित करण्यात आली.

पंढरपूरच्या बाबतीत खरी मेख संगमावर आहे. उजनीचे पाणी भीमेतून येते आणि वीर धरणाचे नीरेतून. दोन्ही नरसिंहपूरला एकत्र होतात आणि मग चंद्रभागेच्या वाळवंटात उतरतात. दोन धरणांतले विसर्ग वेगवेगळे पाहिले तर दोन्ही झेपण्यासारखे वाटू शकतात, पण त्यांचे लोंढे संगमावर एकाच वेळी पोहोचले की घाट बुडतो. एका धरणाचा विसर्ग काही तास मागे-पुढे केल्याने पंढरपुरातली पातळी किती उतरेल, हे मॉडेल चांगले सांगते, कारण नदीतला प्रवास-वेळ हा भाग मोजता येण्यासारखा आहे.

आधी का सोडत नाहीत, याचे उत्तर अधिक अवघड आहे. ऑगस्टमध्ये धरणात मोकळी जागा ठेवली आणि पुढे पाऊस ओसरला, तर तेच धरण ऑक्टोबरात अर्धवट राहते आणि त्याचे खापर त्याच अभियंत्यावर फुटते. २०२३ मध्ये धरण न भरल्याने पुढचा उन्हाळा कसा गेला, हे ताजे आहे. पुराची भीती बाळगणारा पंढरपूरकर आणि टंचाईची भीती बाळगणारा मोहोळकर यांच्यातला हा सौदा आहे, आणि किती टक्के धोका कोणी पत्करायचा हे पावसाळ्याआधी, डोके थंड असताना, जाहीरपणे ठरवून जलाशय परिचालन सूचीत, म्हणजे धरणात केव्हा किती पाणी ठेवायचे याच्या तक्त्यात, लिहायला हवे. एवढे मात्र खरे की, ऑक्टोबर २०२० सारखा पाऊस जेव्हा धरणाच्या खालीच कोसळतो, तेव्हा उजनीची दारे बंद ठेवूनही सगळा पूर थोपवता येत नाही.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वीप, स्वॅट आणि माइक या पाण्याच्या संगणकीय मॉडेलांपैकी काय शिकावे?
— विद्यार्थी, सोलापूर

तिन्हींचे काम वेगळे आहे. स्वॅट हे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी टेक्सासमधल्या विद्यापीठाच्या साथीने विकसित केलेले, मोफत मिळणारे मॉडेल. पडलेल्या पावसाचे पाणलोटात काय होते हे ते सांगते. वीप हे स्टॉकहोम एन्व्हायर्नमेंट इन्स्टिट्यूटचे असून उपलब्ध पाणी मागण्यांमध्ये कसे वाटले जाईल हे पाहण्यासाठी ते सोयीचे आहे. विकसनशील देशांतल्या शैक्षणिक संस्थांना ते विनामूल्य मिळते. माइक ही डीएचआयची विकत घ्यावी लागणारी मालिका आहे आणि आपल्या राज्यातील सरकारी काम बरेचसे तिच्यावर झाले आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर आणि वीप ही जोडी पुरेशी आहे. हिप्परग्याच्या एकरूख तलावाचे छोटे मॉडेल करून पाहा. उजनीवर एकदम उडी घेऊ नका.

मात्र आधी स्प्रेडशीटवर एका जलाशयाचा महिनावार ताळेबंद हाताने मांडावा. आवक, बाष्पीभवन, उचल, विसर्ग आणि शिल्लक असे पाच रकाने पुरतात. तो जुळला नाही म्हणजे तुमचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले, कारण न जुळणारा आकडाच चोरी, गाळ किंवा चुकीची नोंद यांपैकी काहीतरी दाखवत असतो. मुलाखतीत एकात्मिक व्यवस्थापनाची व्याख्या विचारतातच, म्हणून जानेवारी १९९२ ची पाण्याविषयीची डब्लिन तत्त्वे वाचून ठेवा. पाण्याच्या व्यवस्थेत स्त्रियांची भूमिका केंद्रस्थानी आहे, हे त्यांतले एक तत्त्व. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले की त्याच्याशी ताडून पाहावे.

प्रश्न : आमच्या गावात डाळिंब आहे, थोडा ऊस आहे आणि दरवर्षी नव्या बोअर होतात. एवढी मोठी प्रणाली आम्हाला परवडणार नाही. गावापुरते काही करता येईल का?
— ग्रामपंचायत सदस्य, सांगोला तालुका

येईल, आणि मला विचाराल तर खरी सुरुवात तिथूनच व्हावी. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत वाचून त्यावर रब्बीची पिके ठरवण्याची रीत पाडली. तो ताळेबंद ही निर्णय साहाय्य प्रणालीच आहे. तिला पडद्याऐवजी फळा आहे, इतकेच. मराठवाडा-विदर्भातल्या पोकरा या कृषी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने गावपातळीवरचा जल-ताळेबंद संगणकावर बसवून दिला, त्याचाही गाभा हाच आहे.

उदाहरण घेऊ. गावाचे क्षेत्र एक हजार हेक्टर आणि पाऊस पाचशे मिलिमीटर धरला, तर गावावर पडलेले पाणी पाचशे कोटी लिटर. ऐकायला भरपूर वाटते. पण बहुतेक भाग माती आणि पिके परत हवेत सोडतात, काही ओढ्याने जाते, आणि आपल्या काळ्या पाषाणात मुरून विहिरींपर्यंत पोहोचणारा वाटा दहा टक्के धरला तर पन्नास कोटी लिटर हाती राहते. दोन हजार माणसांना रोज माणशी ५५ लिटर म्हणजे वर्षाला सुमारे चार कोटी. उसाला पावसाखेरीज दीड हजार मिलिमीटर पाणी विहिरीतून दिले, तर हेक्टरी दीड कोटी लिटर लागते. केवळ वीस हेक्टर ऊस तीस कोटी लिटर उचलतो. त्यातले थोडे परत झिरपेल, ते जमेला धरावे. तरीही उरलेल्या पाण्यात डाळिंब, ज्वारी आणि जनावरे बसवताना ग्रामसभेत काय होईल, याची कल्पना आपण करू शकता.

आपल्या भागासाठी दोन सावधगिरीच्या सूचना. ठिबकने प्रत्येक झाडाचे पाणी वाचते, पण वाचलेल्या पाण्यावर बाग वाढवली तर गावाची उचल होती तेवढीच राहते, उलट पूर्वी पाटपाण्यातून झिरपून शेजाऱ्याच्या विहिरीत जाणारे पाणी तेवढे बंद होते. प्लास्टिकच्या अस्तराचे शेततळे बोअरने भरले, तर ते नवे पाणी धरावे असे नाही. सर्वांच्या जमिनीखालचे पाणी एकाच्या तळ्यात आले आणि वर उन्हाला उघडे पडले. ताळेबंदात ते साठ्याच्या रकान्यात न घालता उचलीच्या रकान्यात घालावे. यावर गावात कुरकुर होईल, पण रकाना बदलू देऊ नये.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजते. गावानेही याच महिन्यांत वर, मध्ये आणि ओढ्याकाठी अशा दहा-बारा विहिरी निवडून टेपने पातळी मोजावी. अटल भूजल योजनेत सोलापूर जिल्हाही होता. त्या निमित्ताने आपल्या तालुक्यात कुठे जलसुरक्षा आराखडे आणि नोंदी झाल्या असतील, तर त्या मागून घ्याव्यात. दरवेळी विहिरी त्याच असाव्यात, मोजण्याची खूण कठड्यावर रंगाने केलेली असावी, आणि मोजमाप सकाळी, आदल्या संध्याकाळपासून मोटार बंद ठेवून करावे. नाहीतर आपण गावाचे भूजल मोजतो आहोत असे वाटेल आणि प्रत्यक्षात रात्री कोणाकडे थ्री-फेज वीज होती तेच वहीत लिहिले जाईल.